भाजणीची वही, चलनावरची सही

भाजणीचं प्रमाण फक्त चकली करणाऱ्या काकूंच्या हाताला ठाऊक असेल, तोवर धंदाही काकूंपुरताच. त्या चार दिवस गावी गेल्या की चकली मऊ पडते. डाळ-तांदळाचं वजन, मोहन, तेलाची आच वहीत उतरवली, की नवी मुलगीही तसाच घाणा काढते.

चकली जमली, तरी धंद्याचं खरं दुखणं विकलेल्या मालाच्या उधारीचं. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत खरेदीदाराला चुकते करावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ! पण दिवस मोजायचे कुठून? माल पोचल्यापासून. म्हणून डिलिव्हरी चलनावर तारीख आणि घेणाऱ्याची सही हवीच. ‘ओळखीचाच आहे’ म्हणून ती टाळणारेच पुढे हेलपाटे घालतात.