‘ओईर’ : कानाने शिकायचे क्रियापद

स्पॅनिश शिकू लागलेल्या माणसाची गाठ प्रथम सरळ चालीच्या क्रियापदांशी पडते व भाषा सोपी आहे असे त्याला वाटू लागते. तेवढ्यात ‘ओईर’, म्हणजे ऐकणे, हे क्रियापद पुढे उभे राहते. ‘मी ऐकतो’ याला ‘ओइगो’, ‘तू ऐकतोस’ याला ‘ओयेस’, ‘आम्ही ऐकतो’ याला ‘ओईमोस’, ‘ते ऐकतात’ याला ‘ओयेन’. कोठे ‘ग’ उपटतो, कोठे ‘य’.

या लहरीपणालाही कारण आहे. मूळ लॅटिन धातू ‘औदीरे’. त्यातला ‘द’ काळाच्या ओघात झिजला, स्वराला स्वर भिडला आणि तो सांधा ‘य’ने भरला. मध्ययुगात ‘मी ऐकतो’ याला ‘ओयो’ म्हणत; पुढे ‘कायगो’ (मी पडतो), ‘त्रायगो’ (मी आणतो) यांच्या संगतीने त्याचे ‘ओइगो’ झाले. गोव्यातील जुन्या मंडळींच्या परिचयाचे पोर्तुगीज ‘ओव्हीर’ हे याच घराण्यातले.

अर्थाच्या बाबतीत मात्र मराठी माणसाची वाट सोपी आहे. आपल्याकडे ‘ऐकू येणे’ निराळे आणि मन लावून ‘ऐकणे’ निराळे. स्पॅनिशमध्ये पहिल्याला ‘ओईर’, दुसऱ्याला बहुधा ‘एस्कुचार’. तरीही प्रार्थनेला जाणारा भाविक मिस्सा ‘ओईर’च करतो! मित्राला हाक मारायची तर ‘ओये’, वडीलधाऱ्याला ‘ओइगा’. आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या उमटलेली ‘अहो, ऐकलंत का?’ ही साद ज्याने ऐकली आहे, त्याला ‘ओइगा’तील अदब वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

अशी वाकडी रूपे टिकतात ती का? ती रोजच्या तोंडची असतात म्हणून. क्वचित वापरातले शब्द नियमाच्या चाकोरीत ओढले जातात; नित्याचे शब्द आपला हट्ट सोडीत नाहीत. मराठीत ‘करणे’चे ‘केले’, ‘जाणे’चे ‘गेले’ होते, ते असेच. म्हणून ‘ओईर’ची कोष्टके घोकून भागत नाही; बोलणाऱ्याच्या तोंडून ती रूपे पुनःपुन्हा कानी पडावी लागतात.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील आपल्या कुटुंबांना हे नव्याने सांगायला नको. शाळेत, बाजारात दुसरी भाषा बोलणारा नातू घरी ‘मी काम करले’ म्हणतो, तेव्हा आजी व्याकरण काढून बसत नाही. ‘केले’ म्हणते आणि पुढे बोलत राहते. चार दिवसांनी नातूही ‘केले’ म्हणू लागतो. परंतु त्यासाठी घरात कोणीतरी मराठी बोलत राहिले पाहिजे.