मुरायला जागा हवी!

व्हाइट वाइन म्हणजे थंडगार, फ्रेश आणि आजच्या आज संपवायची, असा आपला पक्का समज. इटलीतली विन सान्तो मात्र माळ्यावर पडून, एकेक उन्हाळा काढत मुरते. अंधेरीत बसून तिची चव घेतली आणि प्रश्न पडला, आपल्याकडे आता काही मुरतं का?

व्हाइट वाइनचा आपला फंडा एकदम सोपा आहे. ग्लासवर गार वाफ धरली पाहिजे, रंग जवळपास पाण्यासारखा हवा आणि बाटली त्याच रात्री रिकामी झाली पाहिजे. यात चूक काहीच नाही. नाशिकच्या सुलाने २००० साली शेनिन ब्लाँ आणि सॉव्हिन्याँ ब्लाँ बाजारात आणल्या, तेव्हापासून मुंबईतली एक अख्खी पिढी याच चवीवर वाइन प्यायला शिकली. आपल्या उकाड्याला आणि तळलेल्या सुरमईला ती झकास जमतेही. पण त्यातून एक गोष्ट डोक्यात घट्ट बसली. व्हाइट वाइन जुनी झाली की संपली!

त्यामुळे महाकाली केव्हज रोडवरच्या मैत्रिणीने फ्लॉरेन्सहून आणलेली बाटली उघडली, तेव्हा आमच्यातल्या एकीचा पहिला प्रश्न होता, "खराब झालीय का गं?" प्रश्न रास्त होता. बाटली व्हाइट वाइनची, लेबलवर साल २०१२ आणि ग्लासात पडलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं काहीतरी.

हे प्रकरण आहे तरी काय?

विन सान्तो म्हणजे 'पवित्र वाइन'. चर्चमधल्या मिस्साशी तिचं नातं जोडलं जातं. टस्कनी प्रांतात ती मुख्यतः त्रेब्बियानो आणि मालवाझिया या पांढऱ्या द्राक्षांपासून करतात. द्राक्षं शरद ऋतूत तोडायची, पण लगेच पिळायची नाहीत. घड चटयांवर पसरायचे किंवा तुळयांना टांगायचे आणि तीन-चार महिने सुकू द्यायचे. पाणी उडतं, साखर आटते. ताज्या १०० किलो द्राक्षांतून एरवी ७० लिटरच्या आसपास वाइन निघते. इथे जेमतेम ३०-३५ लिटर!

हा दाट रस 'कारातेल्ली' नावाच्या छोट्या लाकडी पिंपांत भरतात, पिंप सील करतात आणि घराच्या माळ्यावर नेऊन ठेवतात. तळघरात नाही, माळ्यावर. तिथे एसी नाही, काही नाही. हिवाळ्यात गारठ्याने रस आंबायचा थांबतो, उन्हाळ्यात कौलं तापली की पुन्हा सुरू होतो. असं किमान तीन वर्षं. काही वायनरीज त्याहून कितीतरी जास्त थांबतात. लाकडातून थोडी वाइन उडून जाते, थोडी हवा आत शिरते आणि पांढऱ्याची अंबर होते. म्हणजे तो रंग बिघाड नव्हताच. ते वय होतं.

विरजण आणि बेदाणे

यातली कुठलीच गोष्ट मराठी माणसाला परकी नाही. तासगावच्या बाजूला गेलात तर रस्त्याच्या कडेला बेदाण्याच्या शेड दिसतात. चहूबाजूंनी उघड्या, जाळीचे मजले एकावर एक आणि त्यांवर सावलीत सुकणारी थॉमसन द्राक्षं. आपल्याकडे द्राक्षं आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. त्याने सालीवरचं मेण सुटतं, म्हणून टस्कनीत महिने लागणारं काम इथे साधारण दोन आठवड्यांत उरकतं.

आणि 'माद्रे'! म्हणजे आई. पिंप रिकामं झालं की तळाशी राहिलेला दाट गाळ जुनी घराणी फेकत नाहीत, तोच पुढच्या रसाला लावतात. आपण कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला लावतो ना, तस्संच. फरक इतकाच, की दही सकाळी लागतं आणि ही मंडळी वर्षानुवर्षं वाट बघतात.

घोट घोट

पहिला वास आला तो सुक्या जर्दाळूचा आणि अक्रोडाचा. मग संत्र्याची साल, मग पाक किंचित करपल्यासारखं काहीतरी. वाइन तोंडात दाट लागते, गोड तर आहेच, पण पाठोपाठ जी आंबट धार येते, तिने गोडवा चिकटून राहत नाही. गिळल्यावरही अक्रोड बराच वेळ जिभेवर राहतो. सोबत 'कान्तुच्ची' ही बदामाची कडक बिस्किटं बुडवून खायची पद्धत आहे. आमच्याकडे इराणी बेकरीची खारी आणि चिक्की होती. खारी सपशेल फेल, बदामाची चिक्की सुपरहिट!

वय आणि बिघाड यांतला फरक मात्र त्या ग्लासात स्वच्छ कळला. कपाटात दोन मे महिने उकडलेली साधी व्हाइट वाइनही पिवळी पडते, पण तिचा वास शिळ्या सफरचंदाचा येतो आणि चव मध्येच तुटते. मुरलेल्या वाइनमध्ये चवी वाढलेल्या असतात, उकडलेलीत उडालेल्या. लोणचं मुरणं आणि लोणचं खराब होणं यातला फरक आपल्या आज्या झाकण उघडल्याबरोबर सांगायच्या. अगदी तोच कान, सॉरी, नाक!

गावठाणातली बरणी

सीप्झमध्ये रोज कार्ड स्वाइप करणाऱ्या कितीजणांना ठाऊक आहे, की त्याच कंपाउंडमध्ये १५७९ सालच्या सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्चचे अवशेष आहेत? एकोणिसाव्या शतकात साथीच्या दिवसांत वस्ती मरोळला हलली आणि चर्च ओस पडलं. या परिसरातले मूळ रहिवासी म्हणजे ईस्ट इंडियन. हे नाव त्यांनी १८८७ साली घेतलं, पण घरात बोलतात ती त्यांची स्वतःची मराठी. ख्रिसमसच्या आधी मनुका, साखर, गहू आणि यीस्ट चिनीमातीच्या बरणीत घालून तीनेक आठवडे आंबवायचे, गाळून बाटल्या भरायच्या, ही त्यांच्या घरांतली जुनी रीत. सुकी द्राक्षं, सण आणि चर्च. टस्कनी फार लांब नाही!

मरोळच्या एका आँटींकडे मी ही वाइन प्यायले. जुन्या घरात जिन्याखाली बरणीची जागा ठरलेली होती, त्या अंधारात एखादी बाटली दोन-तीन ख्रिसमस विसरली जायची आणि तीच सगळ्यांत भारी लागायची, असं त्या सांगत होत्या. आता त्या सातव्या मजल्यावर राहतात. लिफ्ट आहे, पार्किंग आहे, जिन्याखालचा अंधार नाही. बरणी आता किचनच्या ओट्यावर, म्हणून वाइन जेवढी होते तेवढी जानेवारीतच संपते.

अकरा महिन्यांचं काय?

मला या सगळ्यात खरी गोष्ट ही वाटते. आपण वाइन जुनी करत नाही, याला कारण फक्त हवामान नाही. तेही आहेच. मुंबईच्या दमट हवेत टांगलेल्या घडांना बुरशीच धरेल आणि वाइनला विश्रांती देणारा गारठाही इथे नाही. पण मुरवायला आधी पत्ता लागतो. माझी लीव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांची असते. सहा वर्षांत चार फ्लॅट झाले. प्रत्येक शिफ्टिंगला टेम्पोवाला फ्रीज घेतो, गादी घेतो, तेलाची बरणी मात्र घेत नाही. आईने घातलेलं लोणचं दर वेळी वॉचमनच्या घरी जातं. तीन वर्षं न उघडायची वस्तू घरात ठेवायला तीन वर्षांनी आपण तिथेच असू ही खात्री लागते. ती बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत माझ्या वयाच्या किती भाडेकरूंकडे आहे? आपल्याकडे 'माळा' हा शब्द आता फक्त कितव्या मजल्यावर राहता ते सांगायला उरलाय.

म्हणून पुढच्या वेळी कुणी जुनी, तपकिरी व्हाइट वाइन पुढे केली, तर नाक मुरडू नका. कुणीतरी, कुठेतरी एका जागी टिकून होतं, त्याची ती चव आहे.

ट्राय करायचीय?

* लेबलवर 'लिक्वोरोझो' असेल तर त्या वाइनमध्ये वरून अल्कोहोल घातलेलं असतं. पारंपरिक हवी असेल तर ती टाळा.
* बर्फगार करू नका. फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवा. ग्लास छोटा, घोट त्याहून छोटा.
* गोड व्हाइटची सवय करायची तर सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ आहे. तिची द्राक्षं वेलीवरच जास्त पिकू देतात. ती मुरलेली नसते, पण पहिली पायरी म्हणून बेस्ट.
* इटालियन पांढरं द्राक्ष आपल्या मातीत कसं लागतं हे बघायचं तर रेव्हेलोची ग्रिल्लो शोधा. सिसिलीचं हे द्राक्ष त्यांनी नाशिक जिल्ह्यात लावलं. ही मात्र ताजी प्यायची वाइन.
* महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं. परमिटचं विसरू नका.
* उघडल्यावर घाई नको. बूच लावून फ्रीजमध्ये विन सान्तो काही आठवडे आरामात राहते. जिने इतके उन्हाळे काढलेत, तिला तुमचे दोन-तीन वीकेण्ड काहीच नाहीत!