गंबोरोचं दशक

आमच्या विभागातली स्लाइडची लाकडी कपाटं गेल्या उन्हाळ्यात भंगारात निघाली. आता पडद्यावर स्कॅन दाखवतात. टॉन्सिल, आतडं, कोंबडीची बर्सा, सगळं चकचकीत आणि सगळं निरोगी. रोगट एकही का नाही, असं विचारलं तर उत्तर आलं, "ॲनाटॉमीला नॉर्मलच लागतं."

हे वाक्य मी पूर्वीही ऐकलंय.

कोंबडीची बर्सा म्हणजे फॅब्रिशियसने पदुआत पाहिलेली पिशवी; तिचं वर्णन त्याच्या मृत्यूनंतर, 1621 मध्ये छापून आलं. 1677 मध्ये पेयरने आतड्यातल्या लिम्फॉइड चकत्यांचं वर्णन केलं. पुढची पावणेतीनशे वर्षं मी वर्गात पाच मिनिटांत उरकायचो. 1956 मध्ये ग्लिक आणि चँग यांनी दाखवलं, की बर्सा काढलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडं धड तयारच होत नाहीत. 'सायन्स'ने हा निबंध नाकारला. तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये आला. मोठ्यांना कोंबडीचं काय कौतुक!

नव्वदच्या दशकात गंबोरो या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाने उग्र रूप धरलं आणि पोल्ट्रीवाले मेलेली पिल्लं पोत्यात घालून आमच्या दारात येऊ लागले. मांडीच्या स्नायूत रक्ताचे फराटे, बर्सा सुजून पिवळट जेलीत लडबडलेली. आमचे प्रयोगशाळेतले मामा ती फॉर्मॅलिनमध्ये टाकत, पॅराफिनचा ठोकळा करत, मायक्रोटोमची सुरी चामड्यावर परजत. पाच मायक्रॉनचा काप कोमट पाण्यावर सोडून सुरकुती न पडू देता काचेवर उचलावा तो मामांनीच. ते निवृत्त झाले, ती जागा आजतागायत भरलेली नाही.

निरोगी बर्सात पुटकं (फॉलिकल) डाळिंबाच्या दाण्यांसारखी खेटून बसलेली असतात. कडेला गडद कॉर्टेक्स, आत फिकट मेड्युला, मधे एपिथेलियल पेशींची बारीक रेघ. पोत्यातल्या पिल्लांत मेड्युला ओस पडलेली, जागोजागी पोकळ्या. त्याहून वाईट गोष्ट वरून दिसायचीच नाही. तीन आठवड्यांच्या आत लागण झाली तर पिल्लू बहुधा मरत नाही, पण बर्सा खलास होते. मग लासोटा लस देऊनही राणीखेत, म्हणजे मानमोडी, यायची आणि मालक लस बनावट म्हणून दुकानदाराशी भांडायचा.

आम्ही हे लिहून दिलं. तेव्हाचे आमचे वरिष्ठ म्हणाले, "ॲनाटॉमीला नॉर्मल पुरे, साथीशी तुमचा काय संबंध?" स्लाइड करायला लागणाऱ्या झायलीनच्या बाटलीलाही त्यांच्या तीन सह्या लागत. पुढे एका परिसंवादात आमच्याच स्लाइड त्यांनी दाखवल्या. मामांचं नाव सोडा, आमचंही घेतलं नाही. टाळ्या मात्र घेतल्या.

आता नमुना पीसीआरला जातो. विषाणू आहे की नाही ते कळतं, ते हवंच. पण कळपातल्या पिल्लांच्या बर्सात पुटकं किती उरलीत, हे त्या अहवालात नसतं, आणि पुढची लस किती लागू पडणार ते तर त्यावरच ठरतं. ते बघायला कापणारा लागतो. तो नाही, म्हणून पोल्ट्रीवाला पुन्हा लसीची कंपनी बदलतो.