घरातल्या जुन्या वस्तूंचा बाजार : किंमत कशी ठरवावी आणि विक्री कशी करावी?



आपल्या अनेक शाळांमध्ये बाल आनंद मेळावा होतो. मुले घरचा भाजीपाला, चिवडा, पोहे आणून विकतात. आज त्याच्याच जवळचा एक उपक्रम पाहू या : घरात पडून असलेल्या, पण कामाच्या वस्तूंचा बाजार. ब्रिटनमध्ये लोक सुट्टीच्या दिवशी मैदानात गाड्या लावतात आणि डिकी उघडून घरातले जुने सामान विकतात. आपल्याकडे डिकीची गरज नाही. आठवडी बाजारात जमिनीवर कापड अंथरून दुकान लावायची पद्धत आपली जुनीच आहे.

सहावीच्या गणितात नफा-तोटा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. त्यातला एक दिवस या बाजाराला देता येतो.

आधी आमची चूक सांगतो

पहिल्या वर्षी आम्ही मुलांना एवढेच म्हटले, "घरी नको असलेली वस्तू आणा." सहावीतल्या एका मुलाने माळ्यावरचा पितळी गुंड आणला. काळा पडलेला, एका बाजूने चेपलेला. त्याने भाव लावला 150 रुपये. एका काकूंनी विचारले, "कितीले देतेस रे?" आणि घासाघीस न करता घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेत आली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "गुरुजी, त्याच्यावर माझ्या बापाचं नाव आहे जी." तो गुंड तिच्या आंदणातला होता. अडीच किलोचा गुंड, आणि तेव्हा पितळेची मोड किलोला चारशेच्या आसपास. म्हणजे नुसती मोड घातली असती तरी हजार रुपये आले असते. घेणाऱ्या काकू भल्या, त्यांनी गुंड परत आणून दिला. मुलाने 150 रुपये परत केले. पण तो मुलगा आठ दिवस मान खाली घालून बसत होता. चूक त्याची नव्हती. भाव कसा काढायचा आणि कोणाला विचारायचे, हे आम्हीच शिकवले नव्हते.

पहिला नियम : वस्तू कोणाची?

"घरी नको आहे" म्हणजे नेमके कोणाला नको आहे? ज्याची वस्तू, त्याचा होकार हवा. आम्ही आता एक चिठ्ठी देतो. त्यावर वस्तूचे नाव, कमीत कमी किंमत आणि पालकांची सही असते. नाव घातलेले भांडे, दागिना, शेतीची अवजारे आजी-आजोबांना विचारल्याशिवाय बाजारात येत नाहीत.

किंमत काढायची रीत

मुलांना दोन रेषा आखायला सांगा, एक तळाची आणि एक छपराची.

1. तळ : भंगारवाला आज या वस्तूचे किती देईल? यापेक्षा कमीत विकणे म्हणजे नुकसान.
2. छप्पर : हीच वस्तू नवी घेतली तर आज कितीला मिळते? कोणी त्याच्या जवळपासही देणार नाही.
3. मधली जागा : वस्तू अजून किती दिवस चालेल, यावर भाव ठरतो. जवळपास नवी असेल तर निम्मा, बरी असेल तर पाव, डागडुजी लागत असेल तर त्याहून कमी. हा आमचा अंदाज आहे, कायदा नव्हे.

उदाहरण घ्या. दप्तर 400 रुपयांना घेतले, दोन वर्षे वापरले, चेन चांगली आहे. भंगारात त्याचे काहीच येत नाही, म्हणजे तळ शून्य. छप्पर 400. पाव धरले तर 100 रुपये. चिठ्ठीच्या पुढे 120 लिहावे, मागे 80. पुढचा आकडा बोलायचा, मागचा मनात ठेवायचा. गुंडाचे उलटे होते, त्याचा तळच हजारावर होता.

मग हा नफा की तोटा?

इथे वर्गात चांगली चर्चा होते. पुस्तकाप्रमाणे 400 ची वस्तू 100 ला विकली, तोटा 300, शेकडा तोटा 75. पण एक मुलगी म्हणाली, "सर, दप्तर तर दोन वर्षं वापरलं न! मग तोटा कसा?" तिचे बरोबर आहे. 400 रुपये केव्हाच खर्च झाले आणि त्याचा वापरही झाला. आज प्रश्न एवढाच की दप्तर घरी ठेवले तर शून्य, विकले तर 100. दोन्ही हिशेब मुलांनी लिहावेत आणि कोणता कोणत्या कामाचा, हे सांगावे.

दिवस कोणता निवडावा?

भाव ऋतूवर चालतो. चंद्रपूरच्या उन्हात मार्चमध्ये जुना कूलरही हातोहात जातो, जुलैमध्ये त्याला कोणी विचारत नाही. स्वेटर थंडी पडण्याआधी, छत्री मृगाच्या आधी. घेणाऱ्याच्या हातात पैसा केव्हा येतो, तेही पाहा. आपल्या भागात मोहफूल आणि तेंदूपत्त्याचा पैसा उन्हाळ्यात येतो, पण तेंदूच्या वेळी शाळेला सुट्टी असते. म्हणून धान विकून झाल्यावर, जानेवारीत आम्ही बाजार भरवतो.

विकताना

- खोट आधी सांगावी : "इस्त्री गरम होते, पण वायर बदलावी लागेल." विजेची वस्तू शिक्षकाने गिऱ्हाइकासमोर लावून दाखवावी.
- औषधे, गॅसचा पाइप, व्हॉल्व्ह खराब झालेला कुकर आणि फुगलेल्या बॅटरीचा मोबाइल ठेवू नये.
- सरकारी पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, ती खपत नाहीत. गोष्टीची पुस्तके आणि शिष्यवृत्तीचे प्रश्नसंच लगेच जातात.
- दहाचे नाणे नाकारू नये, ते चलनात आहे.
- प्रत्येक दुकानाला 100 रुपये सुटे द्यावेत. संध्याकाळी गल्ल्यात 430 निघाले तर विक्री 330 च. हे वजा करायला मुले हमखास विसरतात.

एक शेवटची गोष्ट

बाजारात "फुकट" असा ढीग ठेवू नका. आम्ही ठेवला होता. ज्यांना स्वेटरची खरी गरज होती, ती मुले त्याच्याकडे फिरकलीही नाहीत, कारण सगळे बघत होते. पुढच्या वर्षी तेच स्वेटर दहा रुपयांना लावले. तीच मुले आली, उलटून पाहिले, "आठले द्या न" म्हणाली आणि ताठ मानेने घेऊन गेली. किंमत विकणाऱ्यापुरती नसते, घेणाऱ्याचा मानही तिच्यात असतो.

पालकांनो, या रविवारी मुलांना घेऊन माळा उघडा. एकेक वस्तू हातात घेऊन तिचा तळ आणि छप्पर काढायला लावा. आणि गुंड निघाला, तर आधी आजीला विचारा.