नेतृत्वाची घडण – लेखांक सातवा : गोखल्यांची उमेदवारी

गेल्या लेखांकात पुढाऱ्याच्या धैर्याचा विचार झाला. आज ज्या गुणाकडे वळावयाचे तो धैर्याइतका डोळ्यांत भरणारा नाही. तो दप्तरांच्या ढिगाऱ्यात आणि दुसऱ्याच्या देखरेखीखाली कमवावा लागत असल्यामुळे, सभेत टाळ्या पिटणाऱ्या श्रोत्यांना त्याची वार्ताही नसते. हा गुण म्हणजे आत्मनियमन; आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्राइतके त्याचे बोधप्रद उदाहरण मला तरी आपल्या प्रांतात आढळत नाही.

१८६६ साली कोतळूक येथे जन्मलेले आणि वडिलांच्या पश्चात थोरल्या भावाने पोटाला चिमटा घेऊन शिकविलेले गोखले १८८४ मध्ये पदवीधर झाले, पुण्यात शिक्षक झाले, आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद या नात्याने दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षांच्या सेवेस बांधले गेले. परंतु त्यांची खरी शाळा न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी होती. सरकारी अहवाल मुळापासून वाचावेत, जमाबंदी, मीठ, अबकारी, लष्कर अशा एकेका बाबीचे आकडे टिपावेत, सार्वजनिक सभेच्या अर्जांचे मसुदे करावेत आणि ते गुरूपुढे ठेवावेत, हा त्यांचा शिरस्ता होता. विशीतल्या बुद्धिमान माणसाला आपला मसुदा दुसऱ्याने खोडून दिलेला सोसणे किती जड जाते, हे ज्याने कोणाच्या हाताखाली कलम चालविली आहे तोच जाणे. सरकारी शिक्षणखात्यात नोकरीस असल्यामुळे पडद्याआड राहिलेल्या गणेश व्यंकटेश जोशी यांच्या अर्थशास्त्रीय व्यासंगाचाही त्यांना असाच लाभ झाला.

या उमेदवारीचे फळ २६ मार्च १९०२ रोजी, कर्झनसाहेबांच्या कौन्सिलात दिसले. खजिन्यात कोट्यवधींची शिल्लक आहे, तेव्हा रयत सुखी आहे, असा सरकारपक्षाचा युक्तिवाद होता. गोखल्यांनी आवाज न चढविता त्या शिलकेचा उगमच उकलून दाखविला. विलायतेस पाठवावयाची रक्कम पौंडांत द्यावी लागे. रुपयाचा भाव घसरत तेरा पेन्सांच्या घरात आला त्या काळात ती भागविण्यासाठी करांचा बोजा वाढला, १८८८ मध्ये मिठावरील कर मणी दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे टांकसाळी बंद करून रुपया सोळा पेन्सांवर नेला, तेव्हा तेवढ्याच पौंडांसाठी कमी रुपये पुरू लागले, पण कर मात्र होते तसेच राहिले. म्हणजे ऐन दुष्काळाच्या वर्षांत साचलेली ही शिल्लक सुबत्तेची नव्हे, तर गरजेहून जास्त वसुलीची होती. १९०३ मध्ये मिठाचा कर उतरला व १९०७ पर्यंत एका रुपयावर आला. त्याचे सारे श्रेय एका भाषणास देणे भाबडेपणाचे होईल, तथापि ज्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले होते त्यांच्या बेरजेत सरकारला चूक काढता आली नाही, एवढे खरे.

मात्र त्यांच्या शिस्तीची कठोर कसोटी त्याआधीच, १८९७ साली लागली होती. हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेत असताना, प्लेगच्या बंदोबस्तातील गोऱ्या सोजिरांनी पुण्यात स्त्रियांवर अत्याचार केल्याची माहिती त्यांना पत्रांतून मिळाली व ती त्यांनी तेथील वृत्तपत्रातून प्रसिद्ध केली. इकडे जूनमध्ये प्लेगच्या बंदोबस्ताचे प्रमुख अधिकारी रँडसाहेब यांच्यावर गोळी झाडली गेली, धरपकड सुरू झाली, आणि आरोपास पुरावा द्या अशी मागणी झाली तेव्हा उघडपणे उभा राहील असा साक्षीदार मिळेना. कळविणाऱ्यांची नावे सांगून सुटका करून घेण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. सिद्ध करता न येणारे विधान त्यांनी बिनशर्त मागे घेतले व क्षमा मागितली. लोकांत छी-थू झाली, भ्याडपणाचा शिक्का बसला. माझ्या मते क्षमायाचनेचे शब्द गरजेपेक्षा अधिक नम्र होते आणि टीकाकारांचा तेवढा आक्षेप रास्त आहे. पण लोकप्रियता हेच ज्याचे भांडवल त्याने ती डोळ्यांदेखत बुडू द्यावी आणि नंतर तक्रारीचा सूर न काढता पुन्हा आकड्यांच्या वह्यांकडे वळावे, ही गोष्ट सामान्य नव्हे.

आपण भोगलेली उमेदवारी त्यांनी पुढे संस्थेचा नियमच करून टाकली. १२ जून १९०५ रोजी स्थापन झालेल्या भारत सेवक समाजात नव्या सभासदास पाच वर्षे शिक्षणात काढावी लागत, आणि सात प्रतिज्ञांत शुद्ध आचरणाबरोबरच कोणाशीही व्यक्तिगत भांडण न करण्याचे कलम होते. पुण्यातील त्या काळचे सार्वजनिक वातावरण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे कलम सर्वांत अवघड का होते ते सांगावयास नको. गांधीजी १९१५ साली परतले तेव्हा त्यांनाही वर्षभर देश पाहून मगच तोंड उघडण्याचा सल्ला त्यांनी दिला होता.

या नियमबद्ध आयुष्यात एकच खाते कायम तुटीत राहिले. कलकत्त्यास त्यांच्या बिऱ्हाडी राहिलेल्या गांधीजींनी, फिरावयास का जात नाही, असे विचारले तेव्हा वेळ कोठे आहे, असे त्यांचे उत्तर होते. मधुमेह जडला, वैद्यांनी विश्रांती सांगितली, तरी सरकारी नोकऱ्यांसंबंधीच्या शाही कमिशनच्या कामासाठी विलायतेच्या खेपा चालूच राहिल्या. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते पुण्यात वारले. त्या कमिशनचा अहवाल पुरा होण्यास अद्याप काही महिने होते. सभासदांच्या सह्यांत गोखल्यांची सही नाही.