घरच्या विमानातलं क्षितिज

जुन्या छोट्या विमानांत क्षितिज दाखवणारं उपकरण बहुधा हवा खेचणाऱ्या पंपावर चाले. पंप बंद पडला, तरी आतला गरगर फिरणारा जायरो लगेच थांबत नसे. त्याचा वेग हळूहळू ओसरे आणि क्षितिज नकळत कलू लागे. ढगातल्या वैमानिकाला ते खरंच वाटे. यात जीव गेले आहेत.

आता जायरोचं काम इवल्याशा सिलिकॉन चिपा करतात आणि क्षितिज, वेग, उंची, नकाशा, इंजिनाचं तापमान सगळं पडद्यावर उमटतं. अमेरिकेत हौशी लोकांनी स्वतः बांधलेल्या विमानांतल्या अशा पडद्यांना महागड्या प्रमाणपत्राची सक्ती नव्हती, म्हणून ते आधी तिथे रुळले. 2016 मध्ये ईएए या हौशी वैमानिकांच्या संघटनेनं डायनॉन कंपनीचा डी-10ए हा असाच पडदा सेसना 172सारख्या कारखान्यात बनलेल्या विमानांत बसवायची परवानगी मिळवली. कारखान्याच्या विमानांनी हौशींकडून शिकावं, हे उलटं शिक्षण मला फार मोलाचं वाटतं.

मात्र यांतली काही उपकरणं क्षितिज ठरवताना हवेतल्या वेगाचाही आधार घेतात. वेग मोजणाऱ्या पिटो नळीत बर्फ साचला की क्षितिजही चुकू शकतं. शिवाय वीज गेली की पडदाही जातो. त्यामुळे नळी तापवण्याची सोय आणि पडद्याला वेगळी राखीव बॅटरी, या दोन्हींवर खर्च करायलाच हवा.