पदव्युत्तर विद्यार्थ्याचे पाठबळ

1949 साली स्थापन झालेल्या आणि 2014 पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या पुणे विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी येणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न अभ्यासाचा नसून खानावळ आणि खोलीभाड्याचा असतो. वसतिगृहातील जागा मर्यादित असल्यामुळे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची ‘कमवा आणि शिका’ योजना, म्हणजे विद्यापीठाच्याच आवारात दिवसातील काही तास काम करून त्याचे मानधन मिळवण्याची सोय, अनेकांचे शिक्षण तगवून धरते. तिच्यात उपकाराची भावना नाही, हेच तिचे मोठेपण होय. विद्यापीठातील इतर सोयींपैकी जयकर ग्रंथालय आणि आरोग्य केंद्र यांची माहिती बहुतेकांना असते. मात्र तक्रार निवारणाची व्यवस्था फारच थोड्यांना ठाऊक असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार विद्यार्थ्याची तक्रार प्रथम निवारण समितीकडे जाते आणि तिचा निर्णय अमान्य असल्यास लोकपालाकडे, म्हणजे निवृत्त कुलगुरू, प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश यांच्यापैकी नेमलेल्या त्रयस्थ व्यक्तीकडे, दाद मागता येते. मार्गदर्शकावर सर्वस्वी अवलंबून असलेल्या संशोधक विद्यार्थ्याला ही वाट प्रवेशाच्या दिवशीच समजावून सांगितली गेली पाहिजे.